पहिली दहा पानं, शेवटची दहा

वकील म्हणाले, कायद्यात ह्याला साहित्य म्हणतात.
मी हसलो.
गुळाच्या रव्याचं वजन; अडत, तोलाई, हमाली
वजा जाऊन उरेल ती शेतकऱ्याची पट्टी.
एवढंच तर लिहिलंय मी बारा वर्षं,
मार्केट यार्डात, सौदा उठल्यावर,
पद्मण्णांच्या पेढीच्या माळ्यावर.
काकवीच्या वासानं मुंग्या कीबोर्डात शिरायच्या.
कादंबरी ज्या खणात, त्याच खणात माझी पट्टी.

पहिल्या ओळीत नाव घातलं होतं:
गोलातला सी, साल, कुंदा मगदूम.
कुणी सांगितलं म्हणून नव्हे.
ताटावर कोरतात तसं,
पंगतीत भांडी मिसळली तरी
घरचं घरी यावं.

टाऱ्यांचा अभिनंदन आठ महिने शिकायला होता.
पगारावर नव्हता, चहावर होता.
गेला तेव्हा पेन ड्राइव्हमधून सगळं गेलं.
आता गडहिंग्लजपासून निपाणीपर्यंत
त्याचा ‘गूळराजा’ चालतो.
आत मणका माझाच.
फक्त ती एक ओळ नाही.

‘ओळ नसली म्हणून हक्क जात नाही.
गूळ वाफ्यात आळला की गूळच,
शिक्का मागनं बसतो.’
मग ओळ कशाला?
‘“मला काय म्हाईत” म्हणायची सोय राहू नये म्हणून.’
मी गप बसलो.
पुसायच्या आधी
त्यानं ती वाचली असणार की.

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं.
कोडात मधेच माझी टीप:
इथं मी चुकलो. उद्या बघतो.
‘चुकलो? हे तर पुरुषाचं लिहिणं.
तो हेच म्हणणार.’
वकील पुण्याचे.
म्हटलं, साहेब, आमच्यात आई पण ‘आलो’ म्हणती.
‘जातो’ म्हणून सासरी गेलेल्या बायकांचं गाव हे.
‘मला पटलं. पण नागपूरहून बदलून आलेल्या जज्जाला
तुमचं व्याकरण कोण शिकवणार?
म्हणून नोंदणी. सक्ती नाही.
पण रजिस्टरात नाव असलं की
आधी तुमचं खरं धरतात,
खोटं पाडायचं काम त्याच्याकडं.’

फी पाचशे. डायरी नंबर मिळाला.
महिनाभर थांबायचं, कुणाची हरकत येते का.
सोबत कोडाची
पहिली दहा पानं, शेवटची दहा.

पहिल्या दहांत काय? मोकळ्या ठेवलेल्या जागा.
शेवटच्या दहांत प्रिंटर.
मधलं कुणी मागत नाही.
आणि माझी अमावास्या मधे आहे,
दोनशे चौदाव्या पानावर.
त्या दिवशी सौदा नसतो,
म्हणून वीस वर्षांच्या अमावास्या
पंचांगातनं एकेक हातानं घातल्या,
एका पौषात एका दिवसानं हुकलो.
पान चिकटलं होतं काकवीनं.
तीच ती टीप.
तो ‘उद्या’ काही उजाडला नाही.

परवा ती तारीख आली.
पद्मण्णांच्या पडद्यावर: आज अमावास्या, पेढी बंद.
समोरच्या चार पेढ्यांत गूळराजा,
तिथंही: आज अमावास्या.
बाहेर रव्यांच्या थप्प्या, बोली चाललेली,
दिवाणजी खिसे चाचपत पेन शोधतायत,
आणि एक हमाल आभाळाकडं बघत म्हणतो,
आवस तर उद्या हाय की ओ.

दोन पंच घेऊन गेलो होतो मी.
आयुष्यात एवढी भांडणं बघितली,
चूक कुणाची म्हणून;
पण ती दोघांनाही आपलीच हवी,
असं हे पहिलंच.

पंचानं विचारलं, काय लिहू?
म्हटलं, लिहा.
इथं मी चुकलो.